वेठ आणि सहकार्य

मनुष्यासारखें काम करणाऱ्या यंत्रास जगानें जें नांव दिलें, त्या नांवांतच एक जुना अन्याय दडलेला आहे. १९२१ सालीं प्राग शहरांत कारेल चापेक या चेक लेखकाचें 'आर्. यू. आर्.' हें नाटक रंगभूमीवर आलें. त्यांतील कृत्रिम मजुरांसाठीं 'रोबोट' हा शब्द लेखकाचे बंधु योसेफ यांनीं सुचविला. चेक भाषेंत 'रोबोटा' म्हणजे वेठ. धन्यानें आज्ञा करावी व दासानें राबावें, हाच त्या शब्दाचा आशय. आणि नाटकांतील दास अखेर धन्यावर उलटतात, हें त्याचें स्वाभाविक फळ होय.

चाळीस वर्षांनीं हें नाटकांतलें नांव कारखान्यांत उतरलें. १९६१ सालीं अमेरिकेंतील न्यू जर्सी राज्यांत, जनरल मोटर्सच्या कारखान्यांत 'युनिमेट' नामक यंत्रबाहु बसविण्यांत आला. साच्यांतून निघालेले तापलेले धातूचे भाग तो उचली. मनुष्याची एक जाचक वेठ त्यामुळें टळली, हें मान्य केलेंच पाहिजे. परंतु समोर लोखंड आहे कीं माणूस, हें त्यास कळत नसे. १९७९ सालीं मिशिगन राज्यांतील एका कारखान्यांत अशाच यंत्रबाहूच्या आघातानें एक कामगार ठार झाला. यंत्राभोंवतीं कुंपण घालणें हाच तेव्हां रक्षणाचा मुख्य मार्ग; आणि जेथें कुंपण, तेथें सहकार्य कसलें?

कुंपण काढावयाचें, तर यंत्रास दोन गोष्टी शिकविणें प्राप्त होतें: न कळलेलें कबूल करणें व नमतें घेणें. पहिल्या गोष्टीचा ओनामा टेरी विनोग्राड यांच्या डॉक्टरेटच्या प्रबंधांत दिसतो. मॅसॅच्युसेट्सच्या एम्. आय्. टी. संस्थेंतील हा प्रबंध १९७१ चा. त्यांतील संगणक साध्या इंग्रजी आज्ञा समजून पडद्यावरील कल्पित ठोकळे हलवी. आणि आज्ञा संदिग्ध असली, तर कोणता ठोकळा तें कळलें नाहीं, असें स्पष्ट सांगे. असें सांगणारा दास निव्वळ दास राहत नाहीं. दुसरी गोष्ट नॉर्थवेस्टर्न विद्यापीठांतील एडवर्ड कोलगेट व मायकेल पेश्किन यांनीं १९९० नंतरच्या दशकांत साधली. त्यांच्या 'कोबॉट' यंत्रांत भार ढकलण्याचा जोर माणसाचाच असे. यंत्र केवळ चाकांची दिशा वळवून तो भार इष्ट वाटेवर ठेवी. वल्हें माणसाच्या हातीं, सुकाणूं यंत्राच्या.

खरा प्रश्न येथेंच उभा राहतो, असें आम्हांस वाटतें. सुकाणूं सोंपविल्यावर नौका कोणाची? आज कृत्रिम बुद्धीच्या आधारें यंत्रें माणसाची हालचाल ओळखून आपला वेग आवरूं लागलीं आहेत, ही आनंदाची गोष्ट आहे. तथापि यंत्राच्या वेगाशीं माणसाचा हात जुंपला गेला, तर नांव सहकार्याचें राहील, आणि यंत्राची वेठ माणसाच्या गळ्यांत पडेल. म्हणून या विषयावर प्रबंध लिहिणाऱ्या तरुण संशोधकांस आमचें सांगणें एवढेंच कीं, यंत्रानें काम किती उरकलें हें मोजतांना, शेजारीं उभ्या असलेल्या कामगारास 'थांब' म्हणण्याचा व वाट बदलण्याचा अधिकार उरला कीं नाहीं, हेंही मोजावें.