दूरची क्रांती आणि रायपूरचे माधवराव सप्रे

दूरदेशीच्या क्रांतीने विचारवंतांची मने पेटतात, हा इतिहासाचा जुना अनुभव आहे. १७८९ च्या फ्रेंच राज्यक्रांतीने इंग्लंडातील तरुण कवी वर्डस्वर्थ भारावून गेला. १९१७ नंतर युरोप-अमेरिकेतील कित्येक लेखक मॉस्कोची वारी करून आले. स्वतंत्र देशात बसून परक्या क्रांतीचे गोडवे गाणे सहसा महाग पडत नाही. पारतंत्र्यात मात्र त्याचे मोल द्यावे लागते. असे मोल देणारा एक मराठी माणूस आमच्या रायपुरात होऊन गेला. सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने त्यांचे स्मरण करणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो.

माधवराव सप्रे १८७१ साली दमोह जिल्ह्यातील पथरिया येथे जन्मले. त्यांचे शिक्षण बिलासपूर व रायपूर येथे झाले. १९०० मध्ये वामनराव लाखे आणि रामराव चिंचोलकर यांच्या सहकार्याने त्यांनी पेंड्र्याहून ‘छत्तीसगढ मित्र’ हे मासिक काढले. तिघेही मराठी, मासिक मात्र हिंदी! ज्या भूमीचे अन्न खाल्ले तिच्या भाषेची सेवा करावी, हा धडा आमच्या पूर्वसूरींनी असा घालून दिला. पुढे १९०७ मध्ये सप्र्यांनी नागपूरहून ‘हिंदी केसरी’ सुरू केला.

तो काळच प्रक्षोभाचा होता. १९०५ मध्ये जपानने रशियाचा पराभव केला. त्याच वर्षी रशियन जनता उठली आणि झारला ‘ड्यूमा’ मान्य करावी लागली. एप्रिल १९०८ मध्ये मुजफ्फरपूरला बाँब पडला. जुलमातूनच बाँब जन्मतो, हे लोकमान्यांनी ‘केसरी’त रशियाचे दाखले देऊन मांडले आणि तोच विचार ‘हिंदी केसरी’ने हिंदी वाचकांपर्यंत नेला. २२ जुलैला लोकमान्यांना सहा वर्षांची शिक्षा झाली. मुंबईच्या गिरणी कामगारांनी सहा दिवस काम बंद ठेवले. आता पाहण्याची दिशा उलटली: युरोपात निर्वासित असलेल्या लेनिनने त्याच वर्षी या संपाची गौरवपूर्वक नोंद केली.

ऑगस्टमध्ये सप्रे राजद्रोहाच्या आरोपाखाली पकडले गेले. आप्तांच्या आग्रहापुढे नमून त्यांनी माफीपत्र दिले व ते सुटले. हे शल्य त्यांच्या मनातून गेले नाही. राजकारणातून बाजूला होऊन ते समर्थांकडे वळले. त्यांनी ‘दासबोध’ हिंदीत आणला आणि मंडालेच्या तुरुंगात लोकमान्यांनी लिहिलेले ‘गीतारहस्य’ही हिंदी वाचकांच्या हाती दिले. १९२४ मध्ये देहरादूनच्या हिंदी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांना लाभले. २३ एप्रिल १९२६ रोजी रायपुरातच त्यांनी देह ठेवला.

चरित्रे लिहिताना माफीचे पान गाळण्याचा मोह होतो. आम्हांस ते गाळावेसे वाटत नाही. दूरच्या क्रांतीने स्फुरण चढते. पण ते ओसरल्यावर, मान खाली गेल्यावरही, माणूस पुढे काय करतो यावरच त्याची खरी पारख होते. सप्रे शाळेवरून जाताना आमच्या मुलांना एवढे तरी आम्ही सांगावे.