तापामागून आलेली साखर : दीडशे वर्षांच्या एका प्रश्नाचा इतिहास

आजचा विषय वरवर पाहता डॉक्टरांचा आहे, पण आपण त्याच्याकडे इतिहासाच्या वाटेने जाणार आहोत. कोविडच्या काळात एक प्रश्न घराघरांत विचारला गेला. आजारी पडण्याआधी साखर नव्हती, बरं होऊन घरी आलो आणि शुगर निघाली. मग ही साखर त्या विषाणूने आणली का?

पुष्कळांना वाटतं की हा प्रश्न २०२० साली जन्माला आला. खरं तर त्याचं वय दीडशे वर्षांहून जास्त आहे. या दीडशे वर्षांत डॉक्टर ज्या जागी पुन्हा पुन्हा अडखळले, तिथेच आज आपणही अडखळतो. ती जागा अशी : विषाणूने मधुमेह 'आणला', की आधीच दबा धरून बसलेला मधुमेह 'उघडा पाडला'? हे दोन शब्द लक्षात ठेवा. आजचं सगळं व्याख्यान त्यांच्याभोवती फिरणार आहे.

सुरुवात नॉर्वेपासून करू. १८६४ साली स्टँग नावाच्या नॉर्वेजियन डॉक्टरांनी एका रुग्णाची हकीकत प्रसिद्ध केली. रुग्णाला गालगुंड झाले आणि त्यापाठोपाठ मधुमेह. गालगुंडाचा विषाणू लाळेतून, खोकण्या-शिंकण्यातून पसरतो, श्वासाच्या वाटेने शरीरात शिरतो, हे आज आपल्याला ठाऊक आहे. स्टँगना त्यातलं काहीच ठाऊक असणं शक्य नव्हतं. विषाणू ही कल्पनाच अजून यायची होती. स्वादुपिंडातली पेशींची बेटं पॉल लँगरहान्स यांनी दाखवली ती १८६९ साली. आणि स्वादुपिंड काढून टाकलं की कुत्र्याला मधुमेह होतो, हे मेरिंग आणि मिंकोवस्की यांनी स्ट्रासबुर्गला सिद्ध केलं १८८९ साली. म्हणजे स्टँगनी निरीक्षण नोंदवलं, पण ते टांगायला खुंटीच नव्हती.

१८९९ मध्ये अमेरिकेत हॅरिस यांनी गालगुंडानंतर लगेच मधुमेह झालेल्या आणखी एका रुग्णाची नोंद बोस्टनच्या वैद्यकीय नियतकालिकात दिली. आता खुंटी तयार होती. गालगुंडात कधीकधी स्वादुपिंडालाही सूज येते, आणि स्वादुपिंड बिघडलं की साखर वाढते. पटण्यासारखं आहे ना?

पण इथेच सावध व्हायला हवं. त्या काळात गालगुंड, गोवर, सर्दी-ताप यांतून न गेलेलं मूल शोधून सापडलं नसतं. कुठल्याही आजारानंतर मागे वळून पाहिलं की कसला ना कसला ताप सापडणारच. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली, असंही असू शकतं. एका रुग्णाच्या गोष्टीवरून ते ठरवता येत नाही. त्यासाठी मोजावं लागतं.

मोजायचा प्रयत्न पुन्हा नॉर्वेतूनच झाला. १९२७ साली गुंडरसन यांनी गालगुंडाच्या साथींची वर्षं आणि तरुणांमधल्या मधुमेहाचे आकडे शेजारी शेजारी मांडले. त्यांना असं दिसलं, की साथीनंतर साधारण दोन ते चार वर्षांनी मधुमेह वाढतो. दोन ते चार आठवडे नव्हे, वर्षं! हे फार महत्त्वाचं आहे. संसर्ग आज आणि परिणाम काही वर्षांनी, असा हिशेब असेल तर डॉक्टर रुग्णाला 'गेल्या महिन्यात ताप आला होता का?' असं विचारतात, तो प्रश्नच अपुरा ठरतो.

मधल्या काळात दोन मोठ्या गोष्टी घडल्या. पहिली म्हणजे इन्सुलिन. १९२२ च्या जानेवारीत टोरांटोमध्ये ते पहिल्यांदा एका मुलाला टोचलं गेलं. त्याआधी या आजाराची मुलं फार काळ जगतच नसत. दुसरी गोष्ट १९३६ ची. लंडनच्या हॅरल्ड हिम्सवर्थ यांनी दाखवलं, की मधुमेह एकच नाही. काहींच्या शरीरावर इन्सुलिनचा चांगला परिणाम होतो, काहींच्या शरीराला त्याची फारशी दाद लागत नाही. आजच्या भाषेत ढोबळमानाने टाइप १ आणि टाइप २. मधुमेह दोन झाले, तसा आपला प्रश्नही दोन झाला.

आता ऑस्ट्रेलियाला जाऊ, कारण या प्रश्नाचं सगळ्यात भक्कम उत्तर तिथून आलं, तेही डोळ्यांच्या दवाखान्यातून. १९४१ साली सिडनीचे नेत्रतज्ज्ञ नॉर्मन ग्रेग यांच्या लक्षात आलं, की जन्मतःच मोतीबिंदू असलेली बाळं अचानक जास्त येऊ लागली आहेत. त्यांच्या आयांना गरोदरपणाच्या सुरुवातीला रुबेला झाला होता. आदल्या वर्षी, १९४० ला, रुबेलाची मोठी साथ येऊन गेली होती. रुबेला हाही श्वासातून पसरणारा विषाणू. मोठ्यांना थोडा ताप, थोडं पुरळ, आणि संपलं. पोटातल्या बाळाला मात्र तो डोळे, कान, हृदय असा कुठेही गाठतो.

ही बाळं मोठी झाली. ऑस्ट्रेलियन डॉक्टरांनी त्यांचा पाठपुरावा सोडला नाही. १९७१ मध्ये, ती पंचविशीच्या आसपास असताना, फॉरेस्ट, मेन्सर आणि बर्जेस यांनी जाहीर केलं, की या तरुणांमध्ये मधुमेहाचं प्रमाण फारच जास्त आहे. पुढच्या तपासण्यांत ते साधारण पाचात एक इतकं भरलं. संसर्ग जन्माआधी, साखर पंचवीस वर्षांनी! इथे कावळा आणि फांदी म्हणून हात झटकता येत नाहीत. आपल्याकडे गोवर-रुबेला लसीकरणाची मोठी मोहीम महाराष्ट्रात २०१८ च्या नोव्हेंबरात सुरू झाली. ती लस मुलीच्या दंडात टोचली जाते, आणि पुढे तिच्या पोटी येणाऱ्या बाळाला ती ज्या गोष्टींपासून वाचवते, त्यांत मधुमेहही येतो.

आता मधलं कोडं. विषाणू स्वादुपिंडात नेमकं करतो काय? १९६५ साली ब्रसेल्सच्या विली गेप्ट्स यांनी नुकताच मधुमेह होऊन दगावलेल्या २२ तरुण रुग्णांच्या स्वादुपिंडाचे काप तपासले. त्यांतल्या १५ जणांमध्ये बेटांभोवती दाह दिसला. शरीराचे स्वतःचेच शिपाई तिथे गोळा झाले होते. १९७४ मध्ये लंडनला बोताझो आणि त्यांच्या सहकाऱ्यांना काही मधुमेही रुग्णांच्या रक्तात, या बेटांविरुद्ध शरीरानेच बनवलेली प्रतिपिंडं सापडली. म्हणजे इन्सुलिन बनवणाऱ्या बीटा पेशींवर हल्ला घरातल्यांचाच होता. विषाणूने त्यांना फक्त चिथावलं असावं.

आणि मग १९७९ ची ती घटना. अमेरिकेत दहा वर्षांच्या एका धडधाकट मुलाला फ्लूसारखा आजार झाला. तीन दिवसांच्या आत तो मधुमेहाच्या गंभीर अवस्थेत, म्हणजे रक्तात आम्ल साठलेल्या अवस्थेत, रुग्णालयात दाखल झाला आणि सात दिवसांनी दगावला. यून, नॉटकिन्स आणि सहकाऱ्यांनी त्याच्या स्वादुपिंडातून कॉक्सॅकी बी ४ या जातीशी जुळणारा विषाणू वेगळा काढला, उंदरांना टोचला, आणि त्यांची साखर वाढली. चोर मुद्देमालासकट सापडल्यासारखंच हे होतं.

पण इतकी स्वच्छ केस पुढे क्वचितच मिळाली. उलट १९८० च्या दशकात वेगळंच चित्र पुढे आलं. बोस्टनच्या जॉर्ज आयझेनबार्थ यांनी १९८६ मध्ये मांडलं, की टाइप १ मधुमेहातला हा हल्ला लक्षणं दिसण्याच्या कितीतरी आधी, काही वेळा अनेक वर्षं आधी, सुरू झालेला असतो. असं समजा, घर वाळवीने आतून पोखरलेलं आहे. एक वादळ येतं आणि ते कोसळतं. लोक वादळाला दोष देतात. तसंच हे. तापात शरीर कॉर्टिसॉल, अ‍ॅड्रेनलिनसारखे संप्रेरक जास्त सोडतं. त्यांच्यामुळे साखर वाढते आणि इन्सुलिनची गरजही वाढते. निरोगी स्वादुपिंड ती भागवतं, पोखरलेलं स्वादुपिंड कोलमडतं. अशा वेळी आदल्या आठवड्यातल्या फ्लूने मधुमेह 'उघडा पाडला', एवढंच म्हणता येतं. वाळवी लागली कधी आणि कशाने, हा प्रश्न राहतोच.

गालगुंडाचं पुढे काय झालं, तेही सांगायला हवं. फिनलंडमध्ये १९८२ पासून मुलांना गोवर, गालगुंड, रुबेला यांची एकत्रित लस मिळू लागली आणि गालगुंड जवळजवळ नाहीसे झाले. मुलांमधला टाइप १ मधुमेह मात्र त्यानंतरही एकंदरीत वाढतच राहिला. म्हणजे गालगुंड हे मुख्य कारण असणं शक्य नाही. स्टँग आणि हॅरिस यांनी पाहिलं ते खरंच होतं, पण त्यावरून नियम काढता येत नव्हता.

आता आपल्या काळाकडे येऊ. बव्हेरियातल्या जवळजवळ तीन लाख बालकांच्या नोंदींचा अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. पहिल्या सहा महिन्यांत श्वसनाचा विषाणुसंसर्ग झालेल्या बाळांना पुढे टाइप १ होण्याचा धोका थोडासा जास्त दिसला. थोडासाच, सर्दी झालेल्या बहुतेक बाळांना काहीही होत नाही. नॉर्वेने २००९ च्या स्वाइन फ्लूनंतर तिशीच्या आतल्या आपल्या सगळ्या लोकांच्या नोंदी तपासल्या. ज्यांचा फ्लू प्रयोगशाळेत सिद्ध झाला होता, त्यांच्यात टाइप १ चं प्रमाण साधारण दुप्पट निघालं. ज्यांचं निदान नुसत्या लक्षणांवरून झालं होतं, त्यांच्यात मात्र वाढ स्पष्ट दिसली नाही.

२००३ च्या सार्स साथीतला चीनमधला एक अभ्यास आम्हाला फार बोलका वाटतो. आधी मधुमेह नसलेल्या आणि स्टिरॉइड न दिलेल्या ३९ रुग्णांपैकी २० जणांची साखर रुग्णालयात मधुमेहाच्या पातळीला गेली. तीन वर्षांनी त्यांतल्या फक्त दोघांना मधुमेह होता. म्हणजे आजारपणातली साखर खरी असते, पण ती कायमची असेलच असं नाही.

मग कोविड. अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या नोंदींवर शी आणि अल-अली यांनी २०२२ मध्ये केलेल्या अभ्यासात कोविड झालेले सुमारे १ लाख ८१ हजार लोक होते. वर्षभरात त्यांना मधुमेह होण्याचा धोका इतरांपेक्षा ४० टक्के जास्त निघाला. टक्क्यांनी घाबरू नका; प्रत्यक्षात हजार माणसांमागे सुमारे १३ रुग्ण जास्त. जर्मनीत कोविडची तुलना इतर श्वसनसंसर्गांशी केली, तेव्हाही वाढ दिसली, पण कमी, सुमारे २८ टक्के.

आपल्याकडे यात आणखी एक धागा गुंतला. २०२० च्या जूनमध्ये ऑक्सफर्डच्या चाचणीने दाखवलं, की डेक्सामेथासोन हे स्टिरॉइड ऑक्सिजनवरच्या कोविड रुग्णांचे प्राण वाचवतं. ते खरंच होतं. पण स्टिरॉइडने साखर वाढते. २०२१ च्या दुसऱ्या लाटेत ते गरज नसलेल्यांनाही दिलं गेलं, जास्त दिवस दिलं गेलं, आणि साखर तपासायची राहून गेली. म्युकरमायकोसिसच्या रुग्णांचा वॉर्ड कुठे उघडला, हे महाराष्ट्रात कुणाला विचारावं लागलं नाही. त्या रुग्णांतल्या बहुतेकांची साखर बेताल होती. आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या पाहणीप्रमाणे देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे. त्यांतल्या अनेकांनी आजारी पडेपर्यंत साखर कधी तपासलेलीच नसते. अशांच्या बाबतीत विषाणूने मधुमेह आणला म्हणणं म्हणजे दिवा लावणाऱ्यानेच कचरा केला म्हणण्यासारखं आहे.

मग ओळखायचं कसं? एक साधी तपासणी मदत करते : एचबीए१सी. ती मागच्या दोन-तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी सांगते. तापाच्या चौथ्या दिवशी ती बरीच वाढलेली निघाली, तर साखर चार दिवसांची नाही, हे उघड आहे. ती नेहमीसारखी असेल आणि फक्त आजची साखर वाढली असेल, तर आजार किंवा औषध यांचा हात असण्याची शक्यता मोठी. मग दोन-तीन महिन्यांनी पुन्हा तपासायचं. चीनमधल्या त्या वीस जणांची गोष्ट इथे उपयोगी पडते : लगेच जन्मभराचा शिक्का मारायचा नाही, आणि विसरूनही जायचं नाही.

नॉर्वेपासून निघालो, तर नॉर्वेतच थांबू. २०२३ मध्ये तिथल्या संशोधकांनी नुकताच टाइप १ झालेल्या ९६ मुलांवरच्या चाचणीचे निष्कर्ष दिले. काहींना सहा महिने दोन विषाणुरोधक औषधं दिली, काहींना नुसत्या बिनऔषधी गोळ्या. वर्षाअखेर औषध घेतलेल्या मुलांचं स्वतःचं इन्सुलिन जास्त टिकून होतं. मधुमेह बरा झाला नाही. पण स्टँगच्या त्या एका रुग्णानंतर जवळपास १६० वर्षांनी, विषाणूला अडवून मधुमेहाची चाल मंदावता येते का, हे पहिल्यांदा पारखून पाहिलं गेलं.

शेवटी एक गोष्ट, जी ऐकून घरी न्यावी. १८७४ साली जर्मनीच्या अडोल्फ कुसमाउल यांनी मधुमेहाच्या गंभीर अवस्थेतला खोल, जोरजोराचा श्वास वर्णन केला. आजही लहान मुलाला तसा श्वास लागला की घरच्यांना वाटतं, कफ झालाय, न्यूमोनिया झालाय. मूल वाफ घेत बसतं आणि मोलाचे तास निघून जातात. म्हणून तापातून उठलेलं मूल सारखं पाणी मागत असेल, सारखं लघवीला जात असेल, रात्री अंथरूण ओलं करू लागलं असेल, वजन उतरत असेल किंवा धाप लागत असेल, तर 'अशक्तपणा आहे' म्हणून थांबू नका. त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा आणि बोटातून एक थेंब रक्त काढून साखर तपासायला सांगा. विषाणूने साखर आणली की उघडी पाडली, याचा वाद इतिहासात दीडशे वर्षं चालला. त्या मुलासाठी तो दुसऱ्या दिवसावर ढकलला तरी चालेल, तपासणी ढकलून चालणार नाही.

इथे थांबू. आता आपले प्रश्न घेऊ.