दोन किल्ले आणि एक उद्यान

आपल्याकडे किल्ल्याचा इतिहास बहुधा शेवटच्या लढाईपाशी संपविला जातो. तोफा थंडावल्या आणि निशाण उतरले, की इतिहासकार लेखणी खाली ठेवतो. भिंती मात्र त्यानंतरही शे-दोनशे वर्षे उभ्या असतात आणि त्यांच्या आसपास माणसांचे संसार चाललेले असतात. लष्करी ठाणे नागरिकांच्या हाती आले म्हणजे त्याचे काय होते, याचा विचार आम्ही येथे दोन किल्ल्यांच्या आधारे करीत आहोत. एक मराठवाड्यातील औशाचा, दुसरा मुंबईतील वांद्र्याचा. वरवर पाहता या दोहोंचा काहीच संबंध नाही. परंतु इतिहासाने त्यांना एका बाप-लेकाच्या धाग्याने बांधले आहे.

औसा म्हटले, की अनेक वाचकांना ३० सप्टेंबर १९९३ ची काळरात्र आठवेल, कारण किल्लारी याच तालुक्यातले. तालुक्याच्या गावी असलेला किल्ला मात्र पाच शतकांपूर्वीचा आहे. बहामनी राज्याचा कर्तबगार वजीर महमूद गवान याच्याशी परंपरेने त्याचे नाव जोडले जाते. किल्ला भुईकोट. भोवतालची जमीन उंच आणि किल्ला खोलगट जागी असल्यामुळे चालून येणाऱ्या फौजेला तो सहज नजरेस पडत नसे. आतल्या उंच जागेवरून मात्र शत्रू दुरूनच हेरता येई. सभोवती सुमारे १२० फूट रुंदीचा खंदक. बहामनींनंतर दख्खनच्या सुलतानांनी त्यासाठी झुंजी घेतल्या, १६३६ मध्ये तो मोगलांच्या हाती गेला आणि पुढे हैदराबादच्या निजामाकडे आला.

१७६० च्या फेब्रुवारीत औसा-उदगीरच्या टापूत मराठ्यांनी निजामाच्या फौजेला गाठले. सेनापती होते सदाशिवरावभाऊ, आणि त्यांच्या तोफखान्याचा प्रमुख इब्राहीमखान गारदी. युरोपीय पद्धतीने कवायत शिकलेले गारदी आणि त्यांच्या तोफा यांनी निजामाला जेरीस आणले. सुमारे साठ लाखांचा मुलूख मराठ्यांना मिळाला. खंदकावर आणि जाड भिंतींवर विसंबून राहण्याचे दिवस सरत आले आहेत, हे त्या माळरानावर दिसून आले. वर्ष पुरे होण्यापूर्वीच, १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर भाऊंचा अंत झाला आणि तेथेच पाडाव झालेला इब्राहीमखानही मारला गेला.

हे सदाशिवरावभाऊ चिमाजीआप्पांचे पुत्र. आणि चिमाजीआप्पा हे नाव उत्तर कोकणातील ख्रिस्ती घरांत निराळ्या अर्थाने परिचित आहे.

१५३४ च्या तहाने गुजरातच्या बहादूरशहाने वसई आणि तिच्या आसपासची बेटे पोर्तुगिजांना दिली. वांद्र्याच्या टोकावर, माहीमच्या खाडीच्या मुखाशी, त्यांनी १६४० साली एक छोटा किल्ला उभारला. जवळच गोड्या पाण्याचा झरा होता आणि जहाजे तेथे पाणी भरून घेत, म्हणून त्याचे नाव आग्वाद पडले. गोव्याच्या आग्वाद किल्ल्याचे नावही याच कारणाने पडलेले आहे. पुढे मुंबई बेट पोर्तुगीज राजकन्येच्या विवाहात आंदण म्हणून इंग्लंडच्या राजाला मिळाले आणि १६६५ मध्ये इंग्रजांनी त्याचा ताबा घेतला. त्या दिवसापासून खाडी ही सरहद्द झाली. पलीकडे इंग्रजांचे माहीम, अलीकडे पोर्तुगिजांचे वांद्रे.

१७३९ च्या मे महिन्यात चिमाजीआप्पांनी वसई जिंकली. साष्टी बेट त्यापूर्वीच मराठ्यांकडे गेले होते. वांद्र्याचा किल्ला मराठ्यांच्या हाती पडला, तर त्याच्या तोफा माहीमवर रोखल्या जातील, अशी धास्ती इंग्रजांनी घेतली. म्हणून त्यांनी तो बराचसा पाडून टाकला. आग्वादचे आज जे भग्नावशेष दिसतात, ते मराठ्यांच्या तोफांनी झालेले नाहीत. पोर्तुगिजांच्या मित्रांनीच केलेली ती सावधगिरी होती!

या धामधुमीत माउंटवरील पवित्र मारियेचे चॅपलही उद्ध्वस्त झाले. मातेच्या मूर्तीने माहीमच्या संत मायकलच्या देवळात आश्रय घेतला, असे परंपरा सांगते. १७६१ साली चॅपल पुन्हा उभे राहिले. ज्या वर्षी पानिपत झाले, त्याच वर्षी, मराठ्यांच्या अमलाखाली असलेल्या वांद्र्यात मारियेचे देऊळ बांधले गेले, ही गोष्ट आमच्या वाचकांनी ध्यानात ठेवावी अशी आहे. वसईच्या तहातही मागे राहणाऱ्या ख्रिस्ती रयतेच्या धर्माचरणाची तजवीज होती. उलट, पोर्तुगीज अमदानीत हिंदूंच्या उपासनेवर निर्बंध होते, हेही झाकून ठेवण्याचे कारण नाही. आमचे पूर्वज ना लिस्बनचे होते, ना पुण्याच्या दरबारचे. ते कोळी होते, शेतकरी होते, आगरी-कुणब्यांसारखेच कष्टकरी होते. राज्ये बदलली तरी ते आपल्या मातीत राहिले आणि त्यांच्याबरोबर त्यांची श्रद्धाही राहिली.

१७७४ मध्ये साष्टी इंग्रजांनी घेतली आणि खाडीच्या दोन्ही तीरांवर एकच सत्ता आली. सरहद्दच उरली नाही, तेव्हा तिच्यावरच्या पहाऱ्याचे काय प्रयोजन? १८३० साली हा परिसर बैरामजी जीजीभाई या पारशी धनिकाकडे गेला. १८४५ मध्ये माहीम आणि वांद्रे यांना जोडणारा रस्ता खुला झाला. किल्ला तसाच ऊन-पाऊस खात राहिला. लाटा पायाचे दगड पोखरू लागल्या.

२००३ मध्ये वांद्र्याच्या बँडस्टँड भागातील रहिवाशांच्या ट्रस्टने त्याच्या रक्षणाचे काम हाती घेतले. शबाना आझमी यांच्या खासदार निधीतून काही पैसा मिळाला, आराखडा वास्तुरचनाकार पी. के. दास यांचा. कमानीची आणि समुद्राने खिळखिळ्या केलेल्या बांधकामाची डागडुजी झाली. मूळचे खडक जागच्या जागी राखून पायवाटा काढल्या आणि उघडे प्रेक्षागृह बांधले. शत्रूची गलबते हेरण्याच्या जागी आता लोक सूर्यास्त पाहतात. तलवारींचे फाळ होण्याचे स्वप्न पाहणाऱ्या यशया संदेष्ट्याला हे दृश्य आवडले असते.

तरीही एक खंत उरतेच. उद्यान झाले की किल्ला जगतो, पण मुका होतो. हिरवळीवर बसलेल्या मुलाला ती जागा सुंदर दिसते. तिच्यासाठी कोण भांडले, कोण विस्थापित झाले, कोण टिकून राहिले, हे दगड आपण होऊन सांगत नाही. ते सांगण्याचे काम घरातल्या वडीलधाऱ्यांचे आहे. सप्टेंबरात मोत मावलीच्या जत्रेला हजारो कुटुंबे माउंट चढतात. तेथून आग्वाद फार दूर नाही. नवस फेडून झाल्यावर मुलांना तेथवर न्यावे आणि १७३९ ची गोष्ट तिन्ही बाजूंनी सांगावी: गतवैभवाचे उसासे न टाकता, आणि शरमेने मानही खाली न घालता.

औशाचा किल्ला राज्य शासनाने संरक्षित केलेला आहे. तो उद्यान नाही आणि त्याने वांद्र्याची नक्कल करावी असेही आम्ही म्हणत नाही. मात्र गावाला सावलीची आणि मुलांना खेळण्याची जागा हवीच असते. अशी जागा किल्ल्याच्या आसपास करताना खंदक बुजवू नये, कारण खंदकावाचून भुईकोट म्हणजे नुसते कुंपण. भिंतींच्या सांध्यांत पिंपळाची मुळे शिरू देऊ नयेत. चुन्याच्या जुन्या बांधकामावर सिमेंट थापू नये, कारण त्याने ओल आत कोंडते आणि दगड झिजतो. आणि गवानापासून १९४८ च्या सप्टेंबरपर्यंतची हकीकत साध्या मराठीत वेशीवर लिहून ठेवावी.

बापाच्या स्वारीमुळे एक किल्ला पडला, मुलाच्या स्वारीने दुसऱ्याचा काळ सरत आल्याचे दाखविले. आज त्यांपैकी कोणाचेच निशाण तेथे नाही. ठाणी रयतेकडे आली आहेत. ती नीट राखणे आणि त्यांची खरी गोष्ट पुढल्या पिढीला सांगणे, एवढाच पहारा आता आपल्याला करावयाचा आहे.