फलटणच्या माळावरची सेवा

फलटण म्हटले की नाईक निंबाळकरांचा राजवाडा आणि श्रीरामाचे मंदिर आठवते. शिवछत्रपतींच्या राणी सईबाई याच गावच्या लेकी. या गावाच्या इतिहासात आणखी एक नाव आहे, पण ते ऐकताना परक्या माणसाची हमखास गल्लत होते. ते निंबाळकर नव्हे, निंबकर. या घराकडे राज्य नव्हते. त्यांनी केली ती शेती, आणि त्या शेतीची हकिकत सातासमुद्रापलीकडे सुरू होते.

युरोपात मेनो सिमन्स नावाच्या एका धर्मगुरूने १५३६ साली आपले पद सोडले. त्याच्या अनुयायांना मेनोनाइट म्हणतात. शस्त्र धरायचे नाही, शपथ घ्यायची नाही, जमीन कसायची आणि अडल्यानडल्याच्या उपयोगी पडायचे, असा त्यांचा बाणा. पुढच्या शतकात इंग्लंडात जॉर्ज फॉक्सच्या उपदेशातून क्वेकर पंथ निघाला. त्यालाही युद्ध निषिद्ध. क्वेकरांच्या जुन्या रिवाजात पुरोहित नसतो. सारेजण मुकाट्याने एकत्र बसतात, आणि ज्याला आतून बोलावेसे वाटेल तो उठून बोलतो. पूजा सांगणारा कोणी नसला, म्हणजे सेवेचा भार ज्याच्या त्याच्या हातांवर येतो.

मेनोनाइट मंडळी १८९९ साली, दुष्काळाच्या दिवसांत, छत्तीसगडातील धमतरीला आली. आमच्या हकिकतीतील बाई मात्र क्वेकर घरातील. एलिझाबेथ लंडी हे त्यांचे माहेरचे नाव, जन्म १९०० सालचा, अमेरिकेतला. विष्णू निंबकरांशी त्यांचा विवाह झाला आणि १९३० साली त्या हिंदुस्थानात आल्या, कमला निंबकर झाल्या. पुढे त्यांनी व्यवसायोपचाराचे शिक्षण घेतले. आजाराने किंवा अपघाताने ज्याचे हातपाय अधू झाले, त्याला रोजची कामे पुन्हा करता यावीत म्हणून कामातूनच त्याच्यावर उपचार करण्याचे हे शास्त्र. १९५० साली मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात त्यांनी या विषयाची शाळा काढली. त्यापूर्वी आपल्या देशात अशी शाळा नव्हती. कोणाला धर्म न सांगता त्यांनी माणसाला त्याचा हात परत मिळवून दिला.

त्यांचे चिरंजीव बनबिहारी यांचा जन्म १९३१ चा. मंडळी त्यांना 'बॉन' म्हणत. महर्षी कर्व्यांची नात आणि इरावतीबाईंची कन्या, लेखिका जाई, ही त्यांची पत्नी. घर असे, की मुंबई-पुण्यात मानाची जागा सहज मिळावी. पण बनबिहारी फलटणला शेतकरी झाले. १९६८ साली त्यांनी तेथे निंबकर कृषी संशोधन संस्था स्थापन केली.

फलटण तालुक्याची दोन रूपे आहेत. नीरेचा कालवा जेथे पोचला तेथे ऊस डोलतो. जेथे पोचला नाही तेथे माळ, कुसळे आणि धनगरांची मेंढरे. संस्थेने या कोरड्या अंगाकडे विशेष लक्ष दिले. करडई हे रब्बीचे, थोड्या ओलीवर येणारे पीक, पण काढणीला हात रक्तबंबाळ करणारे. संस्थेने बिनकाट्यांची करडई तयार केली. काढणाऱ्या बाईच्या हातांची आठवण ज्याला आहे, त्यालाच या संशोधनाचे मोल कळेल.

पण खरी चिकाटी दिसली ती मेंढ्यांत. आपली दख्खनी मेंढी बहुधा एकच कोकरू देते. बंगालच्या सुंदरबनातील गरोळ मेंढी चणीने लहान, पण जुळी-तिळी देणारी. अठराव्या शतकाच्या अखेरीस बंगालच्या अशा मेंढ्या जहाजातून ऑस्ट्रेलियाला गेल्या. तेथील बूरूला नावाच्या शेतावरील मेंढ्यांत जुळ्यांचा जो गुण पुढे नावाजला गेला, त्याचे मूळ या बंगाली मेंढ्यांत असल्याचे शास्त्रज्ञ मानतात. म्हणजे परदेशात गाजलेले धन मुळात आपल्याच घरचे! हा गुण दख्खनी मेंढीत आणायचा आणि तिचा थोराड बांधा मात्र राखायचा, असे हे काम. पिढ्यामागून पिढ्या निवड करावी लागते, प्रत्येक कोकराच्या रक्ताची तपासणी करावी लागते. कन्या चंदा निंबकर यांनी हे काम पुढे नेले आणि 'सुवर्णा' मेंढी तयार झाली.

येथे एक गोष्ट विसरून चालणार नाही. जुळे झाले म्हणून धनगराचे दैन्य आपोआप फिटत नाही. दोन कोकरांना दूध पुरायचे तर मेंढीला चारा जास्त हवा, राखणाऱ्याचे लक्ष जास्त हवे. दुष्काळात ते कोठून आणायचे? म्हणून हे काम प्रयोगशाळेत संपत नाही. धनगराच्या वाड्यापर्यंत जावे लागते, आणि पुन्हा पुन्हा जावे लागते.

२००६ साली सरकारने बनबिहारींना पद्मश्री दिली. २०२१ च्या ऑगस्ट महिन्यात, नव्वदीत, त्यांनी देह ठेवला. त्यांच्यावर कोणत्याही पंथाचा शिक्का मारण्याचा माझा हेतू नाही. आईच्या माहेरचे काय त्यांच्यात उतरले, हे कोणी मोजून सांगावे? पण पुरोहितावाचून, बोलण्यावाचून, हातांनी करायची ती सेवा दोघांच्याही आयुष्यात दिसते. आईने माणसाच्या हातांत बळ आणले, मुलाने त्या हातांतले काटे काढले.

या दिवाळीत वसुबारसेला आपण गाय-वासराची पूजा करू. त्या वेळी माळावरच्या एखाद्या मेंढीलाही आठवावे. तिच्या दोन्ही बाजूंना एकेक कोकरू लुचत असेल, आणि तिच्या धन्याला निंबकर हे नाव ठाऊकही नसेल.