काळोखातील एक सलाम

दरवर्षी २ नोव्हेंबर रोजी, सर्व मृतांच्या स्मरणदिनी, आपण आपल्या माणसांच्या कबरींवर मेणबत्त्या लावतो. आणे पठारावरून पुण्यास जाणाऱ्या आपल्यापैकी काहींनी खडकीची युद्ध-दफनभूमीही पाहिली असेल. दुसऱ्या महायुद्धातील सोळाशेंहून अधिक सैनिक तेथे चिरनिद्रा घेत आहेत. दगडावर नाव वाचता येते. मरण कसे आले हे दगड सांगत नाही. ज्याच्या मरणाची हकीकत केवळ एका साक्षीदारामुळे जगास कळली, अशा एका सैनिकाचे स्मरण येथे करावयाचे आहे.

अँड्र्यू मिनार्स्की हा कॅनडातील विनिपेगचा, पोलंडहून तेथे गेलेल्या आईबापांचा मुलगा. जन्म १९१६ चा. वडील अकाली वारले, तेव्हा कातडी कापण्याचे काम करून त्याने घराला हातभार लावला. १९४१ साली तो कॅनडाच्या वायुदलात दाखल झाला.

१२ जून १९४४ च्या रात्री त्याचे लँकॅस्टर विमान फ्रान्समधील कांब्रे येथील रेल्वेस्थानकावर बाँब टाकण्यास निघाले. विमानात सात जण होते. मिनार्स्की पाठीवरील तोफेशी, तर त्याचा जिवलग मित्र पॅट ब्रॉफी शेपटीकडील तोफेशी. मध्यरात्र उलटते तोच शत्रूच्या विमानाने गाठले. डावीकडची दोन्ही इंजिने बंद पडली, आग भडकली, आणि कप्तानाने उड्या टाकण्याचा हुकूम दिला.

मिनार्स्की दारापाशी पोहोचला होता. एक पाऊल टाकले असते तर सुटला असता. परंतु मागे वळून पाहतो तो ब्रॉफीचा तोफकक्ष अडकलेला! तो आगीतून गुडघ्यांवर रांगत मागे गेला. कुऱ्हाडीने, मग नुसत्या हातांनी तो कक्ष सोडवू लागला. कपडे पेटले. अखेर ब्रॉफीनेच त्याला परत जाण्याची खूण केली. मिनार्स्की मित्राकडे तोंड करूनच मागे सरकला, दारात उभा राहिला, पेटत्या अंगाने सलाम केला, आणि मग उडी टाकली. गावकऱ्यांना तो सापडला. परंतु भाजल्यामुळे लवकरच त्याचा प्राण गेला. वय अवघे सत्तावीस.

देवाची करणी अशी की, विमान जमिनीवर आदळले तेव्हा झाडाचा धक्का बसून तोफकक्ष तुटला आणि ब्रॉफी बाहेर फेकला जाऊन जगला! इतर पाचही वाचले होते. ब्रॉफीने सांगितले म्हणूनच ऑक्टोबर १९४६ मध्ये मिनार्स्कीला मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस जाहीर झाला.

ब्रिटिश बाँबर दलात मराठी माणूसही होता. शैलेंद्र एकनाथ सुखटणकर हे त्यात दिशादर्शक होते. पराक्रमाचे पदक मिळवून ते सुखरूप परतले. त्या दलातील पंचावन्न हजारांहून अधिक लोक परतले नाहीत, आणि ज्यांच्यावर बाँब पडले त्या निरपराध आयाबायांची व लेकरांची संख्या तर याहून कितीतरी मोठी. त्यांचे साक्षीदार कोण? मिस्सेत ‘सर्व मृतांसाठी’ प्रार्थना होते, तेव्हा माझ्या मनात हे अनामिक दोन्ही बाजूंनी येऊन उभे राहतात, बाँब टाकणारेही आणि सोसणारेही.

मिनार्स्कीची कबर उत्तर फ्रान्समधील मेअरिकूर नावाच्या लहानशा खेड्याच्या दफनभूमीत आहे.