न्यू ईडनचे उमेदवार

'उमेदवार' हा शब्द आता निवडणुकीपुरता उरला आहे. माझ्या वडिलांच्या पिढीपर्यंत तो छापखान्यात, शिंप्याच्या दुकानात, सरकारी कचेरीत रोजच्या बोलण्यात होता. पगार नाही किंवा नावापुरता, पडेल ते काम करायचे आणि त्या बदल्यात हुन्नर शिकायचा, असा जो पोरगा तो उमेदवार. जुन्या बाजारपेठांचे जमाखर्च वाचणे हा माझा अनेक वर्षांचा उद्योग. त्या वह्यांत हे उमेदवार मला नेहमी एका ओळीपुरतेच भेटतात. नाव, चहापाण्याचे पैसे, संपले. त्यांना कोणी शिकवले, ते टिकले की पळाले, हे लिहून ठेवावे असे कोणाला वाटले नाही.

नवख्यांच्या नोंदी मुबलक असलेली एक जागा मला भाच्यामुळे मिळाली आणि ती दप्तरखान्यात नव्हती. 'ईव्ह ऑनलाइन' हा आइसलँडमध्ये तयार झालेला अंतराळाचा संगणकी खेळ ६ मे २००३ रोजी सुरू झाला आणि आजही चालू आहे. त्यातल्या विश्वाचे नाव न्यू ईडन. सात हजारांहून अधिक तारामंडळे. चीनचा स्वतंत्र सर्व्हर सोडला तर जगभरचे खेळाडू याच एका विश्वात, एकाच वेळी वावरतात. जहाजे खेळाडूच बांधतात, खनिज तेच खणतात, बाजारभाव त्यांच्याच खरेदी-विक्रीतून ठरतात. जहाज एकदा फुटले की कायमचे गेले. मात्र प्रत्येक फुटलेल्या जहाजाची यादी मागे राहते: कोणाचे होते, कोणी फोडले, आत काय माल होता. जमाखर्च वाचणाऱ्याला याहून काय हवे?

दिवाळी अंकात खेळाचा इतिहास कशाला, असे कोणी विचारील. माझे उत्तर असे की वीस वर्षांहून अधिक काळ टिकलेला हा एक समाज आहे, आणि इथे कोणी जन्माला येत नाही. बाहेरून नवखे आले आणि टिकले तरच हे जग उद्या असेल. तरीही त्याची घडण नवख्याला हुसकावून लावण्यासाठीच केली असावी असे वाटावे, इतकी ती कठीण होती. मग नवखा टिकला कसा, हा माझा प्रश्न.

खेळाचे मूळ ब्रिटनमध्ये आहे. १९८४ साली डेव्हिड ब्रेबेन आणि इयन बेल या दोन तरुणांनी 'एलीट' हा खेळ बीबीसी मायक्रो संगणकासाठी लिहिला. आठ आकाशगंगा, प्रत्येकीत २५६ ग्रह. खेळाडूच्या हाती एक जहाज आणि शंभर क्रेडिट. पुढे व्यापार करा, लूट करा, मर्जी तुमची. स्वतःभोवती फिरणाऱ्या अवकाशस्थानकात जहाज नेमके घुसवणे ही तिथली पहिली परीक्षा आणि तिथेच बहुतेकांचा चुराडा होई. 'एलीट'वर वाढलेल्या आइसलँडच्या मंडळींनी १९९७ मध्ये रेक्याविकमध्ये सीसीपी ही कंपनी काढली. भांडवल उभे करण्यासाठी आधी त्यांनी 'हेत्तूस्पिल' नावाचा पटावरचा खेळ विकला. 'एलीट'मध्ये माणूस एकटा होता. इथे प्रत्येक जहाजात दुसरा माणूस बसवला गेला. सगळा फरक त्यातून पडला.

२००३ सालच्या नवख्यापुढे काय वाढून ठेवले होते? सुरुवातीला फुकटचे एक लहानगे जहाज, त्यावर एक किरकोळ तोफ आणि दगड फोडण्याचे एक यंत्र. पुढची गोष्ट म्हणजे विद्या. या खेळात कौशल्य सरावाने येत नाही. ते घड्याळाने येते. विषय निवडावा आणि वाट पाहावी. खेळ बंद असला तरी शिक्षण चालू राहते. प्रत्येक विद्येच्या पाच पायऱ्या. पहिली काही मिनिटांत, पाचवी काही दिवसांत, अवघड विद्येची पाचवी तर महिन्याभरातही नाही. २००९ पर्यंत विषयांची रांग लावण्याची सोय नव्हती. एक पायरी पुरी झाली की खेळाडूने स्वतः येऊन दुसरी सुरू करायची, त्यामुळे लोक रात्री गजर लावून उठत. शिवाय 'शिकण्याच्या विद्या' नावाचा एक अजब वर्ग होता. त्या शिकल्या की बाकीच्या लवकर येत. म्हणून जाणकार नवख्याला सांगत, पहिले काही आठवडे फक्त शिकायला शिक, बाकी काही करू नकोस. खेळायला आलेल्या माणसाला हा सल्ला! डिसेंबर २०१० मध्ये कंपनीने हा वर्गच काढून टाकला आणि त्यात घातलेले गुण खेळाडूंना परत केले. या खेळातल्या सुधारणांपैकी ही मला सर्वांत शहाणपणाची वाटते.

घड्याळाचा अर्थ उघड होता. जो आधी आला तो कायम पुढे राहणार. पैसा, हुशारी, जागरण, कशानेही ते अंतर तुटणार नाही. पण या हिशेबात एक फट होती आणि नवख्यांचा सगळा इतिहास त्या फटीतून वाढला. साध्या विद्येच्या पाचव्या पायरीला २,५६,००० गुण लागतात, चौथीला ४५,२५५. म्हणजे एकूण वेळाच्या जेमतेम अठरा टक्क्यांत पाचपैकी चार पायऱ्यांचा लाभ हाती येतो. पाचवीच्या पुढे तर पायरीच नाही. एखादे लहान जहाज चालवायला लागणाऱ्या मोजक्या विद्या नवखा थोड्या आठवड्यांत चौथीपर्यंत आणू शकतो, आणि त्या जहाजात बसलेला दहा वर्षांचा मुरब्बी त्याच्यापेक्षा फार वरचढ नसतो. नवखा बलाढ्य होऊ शकत नव्हता, पण उपयोगी होऊ शकत होता.

दुसरा अडसर कायद्याचा. मध्यवर्ती भागात कॉनकॉर्ड नावाचे पोलीसदल आहे. ते गुन्हेगाराचे जहाज हमखास फोडते, पण गुन्हा घडल्यावर. बळी वाचवणे हे त्याचे काम नाही. आइसलँडच्या मध्ययुगीन इतिहासाची इथे आठवण होते. सुमारे ९३० ते १२६२ या काळात तिथे आल्थिंग ही सभा होती, कायदे होते, न्यायनिवाडे होते. निवाडा अमलात आणणारी सत्ता मात्र नव्हती. खेळ घडवणाऱ्यांनी ते समोर ठेवून हे रचले असे मी म्हणत नाही. साम्य तेवढे नोंदवतो.

या कायद्याच्या कडेने जगणाऱ्यांची एक जमात तयार झाली. त्या काळी खाणकाम करणाऱ्या नवख्याच्या जहाजात शेकडो घनमीटर माल मावे, पण अवकाशात सोडलेल्या डब्यात २७,५०० घनमीटर. साहजिकच तो खणलेले दगड डब्यात टाकून बाहेर तरंगत ठेवी. चोर येई, माल आपल्या डब्यात वळता करी आणि तिथेच थांबे. नवखा चिडून आपलाच माल उचलू लागला की कायद्याच्या लेखी चोर तोच ठरे. मग त्याला फोडायला पोलिसांची हरकत नसे. आमच्याकडच्या सावकारी कागदांत याच जातीच्या युक्त्या मी पाहिल्या आहेत. कर्जदाराला स्वतःच्याच शेतात चोर ठरवण्याच्या. २०१२ मध्ये खाणजहाजांना मोठी कोठारे मिळाली, नवख्यांसाठी 'व्हेंचर' नावाचे खास जहाज आले आणि हा धंदा बसला.

कंपनीचे अधिकृत पाठ अनेकदा बदलले. त्यांचा तपशील मी इथे देत नाही, कारण माझ्या मते नवख्याला त्यांनी फारसे शिकवले नाही. कोणते बटण काय करते ते पाठ सांगत. डब्याजवळ रेंगाळणारा माणूस काय करणार आहे हे ते सांगू शकत नव्हते. ते शिकवले जुन्या खेळाडूंनी.

२००४ मध्ये ईव्ह युनिव्हर्सिटी ही संस्था खेळाडूंनीच स्थापन केली. काम एकच, नवख्यांना शिकवणे. ठरल्या वेळी आवाजी वर्ग, विद्यांच्या पुस्तकांचा खर्च परत, सरावासाठी स्वस्त जहाजे. या खेळात त्या काळी ठरावीक फी भरून कोणत्याही संस्थेशी कायदेशीर युद्ध पुकारता येई. नवख्यांनी भरलेली शाळा हे सोपे सावज, त्यामुळे ही शाळा वर्षानुवर्षे कोणाच्या ना कोणाच्या युद्धात अडकलेली असे. युद्धकाळात कसे वागावे याचे लेखी नियमच तिला करावे लागले. तिथे शिकून माणसे बाहेर पडत आणि पुढे एकमेकांविरुद्धच्या सैन्यांत भरती होत. शाळेची त्याला हरकत नसे.

शाळेमागे परोपकार होता असे म्हणता येईल. दुसऱ्या प्रवाहामागे तो नव्हता, आणि मला तोच अधिक महत्त्वाचा वाटतो. 'समथिंग ऑफुल' या अमेरिकी विनोदी संकेतस्थळावरची टवाळ मंडळी झुंडीने या खेळात उतरली आणि त्यांनी गूनस्वॉर्म ही आघाडी उभारली. समोर बँड ऑफ ब्रदर्स ही मुरब्बी, श्रीमंत आणि स्वतःच्या श्रेष्ठत्वाविषयी निःशंक अशी आघाडी. गूनस्वॉर्मकडे महागडी जहाजेही नव्हती आणि मुरलेले चालकही. मग त्यांनी नवख्यांनाच 'रिफ्टर' नावाच्या किरकोळ जहाजांत बसवले. युद्धनौकेला पळून जायचे तर तिचे वेगप्रवासाचे यंत्र चालू व्हावे लागते, आणि ते अडवून धरणारे छोटे उपकरण चार दिवसांचा खेळाडूही वापरू शकतो. एकाने धरून ठेवायचे, पन्नासांनी ठोकायचे. दहा रिफ्टर गेले तरी एका युद्धनौकेच्या किमतीपुढे ते चिल्लर. फुटलेले जहाज आघाडी भरून देई, आणि मरणाऱ्याची थट्टा न होता कौतुक होई.

इथे नवख्याची किंमत पहिल्यांदा ठरली. त्याला शिकवणे हा आता दयेचा भाग राहिला नाही, ती युद्धाची गरज झाली. २०१३ मध्ये ब्रेव्ह न्यूबीज ही जवळजवळ निव्वळ नवख्यांची संघटना निघाली आणि २०१५ च्या सुमारास जुन्या बड्या सत्तांनी आपापल्या नवख्यांच्या पलटणी उभ्या केल्या: पँडेमिक होर्ड, कर्माफ्लीट. छापखान्याचा मालकही उमेदवार ठेवी तो पुण्यासाठी नव्हे. उमेदवाराला हुन्नर मात्र मिळे.

अँड्र्यू ग्रोएन यांनी या महायुद्धांचा इतिहास 'एम्पायर्स ऑफ ईव्ह' या ग्रंथात लिहिला आहे. त्यांचा विषय सत्ता आणि सेनापती. मी त्याच घटना खालून पाहतो तेव्हा बँड ऑफ ब्रदर्सचा शेवट मला वेगळा दिसतो. फेब्रुवारी २००९ मध्ये त्यांच्याच एका संचालकाने शत्रूशी संधान बांधून आघाडी विसर्जित केली. तो नवखा नव्हता. आतला, विश्वासातला होता. त्याआधी २००५ मध्ये गायडिंग हँड सोशल क्लब या भाडोत्री टोळीने एका संस्थेत महिनोन्महिने माणसे पेरून तिची कोठारे एका दिवसात रिकामी केली होती. या दगाबाज्यांचा भुर्दंड मात्र नवख्यांनी भरला. प्रत्येक नवा चेहरा हेर असू शकतो, या समजाने संस्था प्रवेशासाठी सगळा पूर्वेतिहास मागू लागल्या. ज्याला इतिहासच नाही तो सर्वांत संशयित. त्यातच ठगांनी 'प्रवेश फी' घेऊन खोट्या भरतीचा धंदा मांडला.

२०१५ च्या रेक्याविकमधल्या वार्षिक मेळाव्यात कंपनीच्या एका रचनाकाराने एक पाहणी मांडली. पहिल्या पंधरा दिवसांत ज्यांचे जहाज कोणी फोडले असे नवखे, न फुटलेल्यांपेक्षा अधिक टिकलेले दिसले. जुन्या जाणत्यांना आनंद झाला: बघा, मार खाल्ला की माणूस घडतो. मला हा निष्कर्ष घाईचा वाटतो. जो जास्त खेळतो तो जास्त भटकतो आणि जास्त फुटतोही. टिकण्याचे कारण फुटणे असेलच असे नाही. मी स्वतः या जगात दोन वर्षे वावरलो, ते संध्याकाळनंतर, कारण रोजच्या देखभालीसाठी सर्व्हर आपल्याकडच्या साडेचार वाजता बंद होतो आणि मोठ्या लढाया युरोपच्या संध्याकाळी, म्हणजे आपल्या मध्यरात्री होतात. तिथल्या सोबत्यांना मी एकच विचारत असे: पहिले जहाज फुटल्यावर काय झाले? टिकलेले बहुतेक जण जहाजाविषयी बोललेच नाहीत. फुटल्यानंतर ज्याने बोलावून घेतले, दुसरे जहाज दिले, चूक दाखवली, त्या माणसाविषयी बोलले. पुष्कळदा तो फोडणाराच होता.

फेब्रुवारी २०१६ मध्ये घड्याळाची सत्ता मोडली. एकाची विद्या काढून दुसऱ्याला विकता येईल अशी 'स्किल इंजेक्टर' ही वस्तू बाजारात आली. नवख्याला एका मात्रेत ५,००,००० गुण मिळतात, आठ कोटी गुण ओलांडलेल्या मुरब्ब्याला फक्त १,५०,०००. कागदावर हा नवख्याच्या बाजूचा न्याय आहे. प्रत्यक्षात पैसेवाला नवखा महिन्याभरात महानौकेत बसू लागला, आणि तिच्यात काय करायचे हे त्याला ठाऊक नसे. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरपासून मर्यादित विद्यांसह खेळ फुकट झाला. एका वर्षात दोन्ही दारे उघडली: एक पैसेवाल्यासाठी, एक बिनपैशाच्यासाठी. नवख्यांच्या पलटणींनी दोघांनाही घेतले आणि दोघांनाही आधी त्याच लहान जहाजात बसवले.

रेक्याविकच्या बंदराजवळ २०१४ मध्ये कंपनीने एक स्मारक उभारले. त्या वर्षीच्या मार्चच्या प्रारंभी ज्यांची खाती चालू होती त्या खेळाडूंची नावे त्यावर कोरली आहेत. त्याच वर्षी २७ जानेवारीला एका न भरलेल्या भाड्यावरून बी-आर५आरबी या तारामंडळात महायुद्ध पेटले होते आणि ७५ टायटन नौका नष्ट झाल्या होत्या. ती बातमी जगभरच्या वर्तमानपत्रांत आल्यावर कुतूहलाने आलेल्यांपैकी ज्यांनी मार्चपर्यंत दम धरला, त्या चार-सहा आठवड्यांच्या उमेदवारांची नावे २००३ च्या लोकांबरोबर तिथे आहेत.