मानपाड्याचा ओळंबा आणि डोंगराची ओढ

शाळेच्या नकाशातल्या समोच्च रेषा डोंगर चढणाऱ्यांच्या सोयीसाठी निघाल्या, असं आपण धरून चालतो. माझं म्हणणं वेगळं आहे. जमिनीवर त्यांचा पहिला खरा उपयोग झाला तो डोंगराची ओढ मोजण्यासाठी. आज त्यांचीच वंशज असलेली उंचीची आकडेवारी जिऑइड काढायला वापरतात, म्हणजे घराणं पुन्हा मूळ धंद्यावर आलं आहे.

समुद्राचं शांत पाणी जमिनीखालून कालव्यांनी आत आणलं, तर ते ज्या पातळीला थांबेल तो पृष्ठभाग म्हणजे जिऑइड. ठाण्यातल्या मानपाड्यात जोत्याची पातळी काढताना मिस्त्री पारदर्शक पाइपात पाणी भरतात. दोघे दोन टोकं धरतात, बुडबुडे झटकतात आणि पाणी ठरलं की पेन्सिलीनं खूण करतात. ती खूण गुरुत्वाच्या सपाटीचीच. पण पश्चिमेला येऊरचा बेसॉल्टचा डोंगर उभा आहे. तो ओळंब्याला किंचित आपल्याकडे ओढतो आणि पाण्याची सपाटीही तेवढीच कलवतो. हा कल विकलांमध्ये मोजायचा, म्हणजे अंशाच्या 3600व्या भागात. जोत्याला तो नगण्य. पण एका विकलेचा कल 10 किलोमीटरांत सुमारे 5 सेंटिमीटर होतो. याच डोंगराखालून ठाणे-बोरिवली जुळा बोगदा जायचा आहे. तिथे तो हिशेबात धरावाच लागतो.

डोंगराची ओढ पहिल्यांदा नेमकी मोजली ती 1774 साली स्कॉटलंडमधल्या शिहॅलियन डोंगरावर. खगोलज्ञ मॅस्कलिननं दोन्ही उतारांवरून तारे पाहून ओळंब्याचा कल काढला. त्यावरून पृथ्वीची घनता काढायला आता डोंगराचं वस्तुमान हवं होतं. ते काम गणिती चार्ल्स हटनकडे आलं. त्यानं निरीक्षणाच्या जागेभोवती वर्तुळं आणि त्यांना छेदणाऱ्या रेघा काढून प्रदेशाचे कप्पे पाडले. प्रत्येक कप्प्याची सरासरी उंची लागणार होती, आणि हाती होते फक्त विखुरलेले बिंदू. मग त्यानं सारख्या उंचीचे बिंदू रेघांनी जोडले. डोंगर कागदावर उभा राहिला, बेरीज जमली. 1778 साली त्यानं उत्तर छापलं: पृथ्वीची सरासरी घनता पाण्याच्या साडेचार पट. आजचा आकडा साडेपाच आहे.

इथे फ्रेंचांचा दावा आड येतो. ब्युआशनं 1752 साली इंग्लिश खाडीच्या नकाशात सारख्या खोलीच्या रेषा छापल्या होत्या, आणि डच तर त्याहून जुने. तेव्हा थोरलेपण नाविकांचं, हे कबूल. पण समुद्रात सपाटी आयती मिळते, दोरी सोडली की खोली कळते. डोंगरावर सपाटी आधी मोजून आणावी लागते. जमिनीवरच्या रेषांचा पुरस्कार करणारं द्यु कार्लाचं पुस्तक 1782चं, हटननंतर चार वर्षांनी. रेघेच्या आतलं द्रव्य मोजायची अक्कल हटनचीच, असा माझा निवाडा.

मला खरा धक्का बसला तो पुढच्या दुव्यानं. शिहॅलियनची मोजणी ज्याच्या हातून झाली तो रूबेन बरो पुढे हिंदुस्थानात आला. 1790-91 साली त्यानं बंगालमध्ये अक्षांश-रेखांशाच्या अंशांची लांबी मोजली आणि 1792 साली तो बक्सरला वारला. त्याच्या मोजणीचा वृत्तांत 1796 साली छापला गेला. 1802 साली सर्वेक्षक लॅम्बटननं मद्रासला पायारेषा आखली आणि तिथून त्रिकोणांच्या साखळीनं हिंदुस्थान मोजायला घेतला. डोंगर ओळंबा बिघडवतो हे भान आपल्या सर्वेक्षणात बरोमार्फत आलं, असा माझा कयास आहे. ते लंडनच्या छापील निबंधांतूनही आलं असेल, पण डोंगर पायाखाली घातलेला माणूस निबंधाहून जास्त पटवून देतो.

लॅम्बटन 1823 साली हिंगणघाटला वारला आणि साखळी त्याचा सहायक एव्हरेस्टच्या हाती आली. हिमालयाजवळचं कलियाना आणि मध्य भारतातलं कल्याणपूर यांच्या अक्षांशांतलं अंतर जमिनीवरून एक निघालं, ताऱ्यांवरून दुसरं, फरक 5.236 विकलांचा. कलकत्त्याचा आर्चडीकन प्रॅट हाडाचा गणिती. 1855 साली त्यानं हिमालय आणि तिबेटच्या उंच्या घेऊन, पुन्हा कप्पे पाडून ओढ काढली. उत्तर आलं 15.885 विकला, म्हणजे प्रत्यक्षाच्या तिप्पट! डोंगराखाली हलकं द्रव्य असल्याखेरीज हे जमत नाही. खगोलज्ञ एअरीनं त्याच वर्षी डोंगरांना हलकी मुळं दिली. दोघांच्या कल्पना वेगळ्या, तरी आज भूशास्त्र या मूळ विचारालाच समस्थायित्व म्हणतं.

पुढचं सगळं वेग वाढण्याचं काम. फेब्रुवारी 2000 मध्ये एंडेव्हर यानानं 11 दिवसांत रडारनं बहुतेक जमिनीची उंची टिपली. ईजीएम 2008 या जागतिक गुरुत्व-प्रतिरूपाची जाळी साधारण 9 किलोमीटरांची. येऊरची एखादी टेकडी त्यात हरवते. म्हणून उंचीच्या आकड्यांवरून तिची ओढ काढतात, मोजलेल्या गुरुत्वातून वजा करतात, उरलेलं गणित गुळगुळीत झालं की सोडवतात आणि शेवटी ती ओढ परत मिळवतात. हटनचे कप्पे तेच, फक्त संख्येनं कोट्यवधी.

ठाण्यात जिऑइड जीपीएसच्या गणिती लंबगोलाच्या 60 मीटरांहून जास्त खाली आहे. तेव्हा ड्रोनची मोजणी करून घेणाऱ्या सोसायट्यांनी आणि ठेकेदारांनी नकाशावर एक ओळ जरूर लिहून घ्यावी: दिलेली उंची लंबगोलापासूनची आहे की जिऑइडपासूनची.